सावलीचा वाटा

पुणे
२३ जून २०२४

नंदे,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे खुशाल आहेत. तुमच्या वाडीत फोनला रेंज हवी तर खडकावर चढावं लागतं, आणि तू चढलीस तरी मी तुला बोलू देत नाही ही तुझी जुनी तक्रार. शाळेत असताना मे महिन्याच्या सुट्टीत तू वाडीत, मी खाली कडावात, तरी आपण एकमेकींना पत्रं टाकायचो. म्हटलं, तसंच पुन्हा करू. निदान तुझं वाक्य पुरं होईल.

कामाचं सांगते. मी शिकवते त्या मॅनेजमेंट कॉलेजात नोव्हेंबरमध्ये मोठा कार्यक्रम आहे. कारखानदार येणार, कंपन्यांचे साहेब येणार, आणि त्यांच्यासमोर आम्ही प्रत्येकानं आपापल्या भागातल्या एका उद्योगावर बोलायचंय. तो कसा चालला, का टिकला, त्याची स्ट्रॅटेजी काय होती, असं सगळं. कुणी साखर कारखाना घेतला, कुणी मसालेवाले घेतले. माझी पाळी आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, कमळ्याची टोळी. सगळे हसले. आमचे विभागप्रमुख मात्र हसले नाहीत. दरोडेखोर तर दरोडेखोर, पण नीट अभ्यास करून बोला म्हणाले. आता बोलून बसले आहे.

खरं सांगू का, कमळ्याबद्दल मला जे ठाऊक आहे ते सगळं तू मधल्या सुट्टीत सांगितलेलं. घाटात रेल्वेची लाइन चढत होती तेव्हा मजुरांच्या वाट्याचं धान्य मुकादम दाबून ठेवायचा आणि कमळ्या ते लुटून वाड्यावाड्यांत पोचवायचा, एवढंच आठवतं. खेळात तू कमळ्या व्हायचीस आणि मला दर वेळी मुकादम करायचीस, हेही आठवतं. आता त्या मुकादमाला मदत कर. टोळीत माणसं कशी घ्यायचे? लुटीची वाटणी कशी व्हायची? ते कधी पकडलेच कसे गेले नाहीत? तुझा धाकलूआजा सांगतो तसं लिहून पाठव.

अम्मा फोनवर म्हणाली की पहिल्या पावसाची शेवळं आली आणि तुमच्या वाडीतल्या भागूबाईनं त्यांची खाज मारायला आंबट काकडंही आठवणीनं दिली. अम्मानं शेवळं खिम्यात घातली आणि मला अर्धा तास त्याचं वर्णन ऐकवलं. आमच्या दुकानाचा ओटा तुम्हा रानभाजीवाल्या बायकांशिवाय माझ्या डोळ्यांसमोर येतच नाही. लहानपणी मला वाटायचं, तुम्ही बसता म्हणून मागे दुकान बांधलंय.

तुझी,
फराह


वाडी
५ जुलै

मुकादम फराह यांस,

तुझं पत्र घेऊन पोस्टमन वाडीत आला तेव्हा आधी दोन घरांतली माणसं आत गेली. त्यांना वाटलं कोर्टाचा कागद आला. पाकिटावर तुझं अक्षर बघून मी हसले, तेव्हा कुठे बाहेर आली.

धाकलूआज्याला हल्ली ऐकू कमी येतं, पण कमळ्याचं नाव काढलं की सगळं ऐकू येतं. माणसं कशी घ्यायचे म्हणून विचारलं, तर त्याने सांगितलं ते असं. कमळ्यानं कुणाला बोलावणं धाडलं नाही. जो येईल त्याला आधी सगळ्यांना वाढायला लावायचा. स्वतःसाठी उरेल की नाही म्हणून जो सारखा भांड्यात डोकावेल, त्याला दुसऱ्या दिवशी प्रेमाने घरी पाठवायचा. हा तुमचा इंटरव्ह्यू समज.

दुसरा नेम मोठा. शेवटचा गडी परत आल्याशिवाय कुणी घास तोंडात घालायचा नाही. मग तो लंगडत येवो की दुसऱ्या दिवशी येवो. आजा म्हणतो, म्हणूनच कुणी मागे राहिला नाही आणि मागे राहिलेल्याने कुणाचं नाव पोलिसाला दिलं नाही.

आणि तिसरा सावलीचा वाटा. लुटीचे वाटे करायच्या आधी एक टोपली बाजूला काढायची आणि ज्या घरानं आसरा दिला त्या घरच्या दारात ठेवायची. ज्याच्या सावलीत बसलो त्याचा पहिला घास. कमळ्या गेला, टोळी गेली, पण एका घराचा तो वाटा आमची वाडी अजून दर वर्षी भात झोडलं की पोचवते. कुठलं घर ते विचारू नकोस. का देतो ते त्या घराला सांगायचं नाही, असाच नेम आहे. सांगितलं की उपकार फेडून मोकळं झाल्यासारखं होतं.

ओट्यावर आम्ही तोच दुसरा नेम पाळतो, तुला माहीत असेल. जिचा माल संपला तिने टोपली उलटी घालून तिच्यावर बसायचं. सगळ्यांच्या टोपल्या उलट्या झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. आपली विकली गेली की शेजारणीची भाजी ओरडून विकायची. भागूबाईचा आवाज आता बसला आहे, म्हणून तिची बहुतेक वनिताच विकते.

फराह, एक सांगायचं म्हणजे तो ओटा आमचा बहुतेक सुटेल. का ते विचारू नकोस. तुझ्या त्या टोळीवर अशी वेळ आली तर तुझं शास्त्र काय सांगतं तेवढं कळव. मी थट्टा करते, पण तू एवढं शिकलीस याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे आणि मला खरंच विचारायचं आहे.

तुझी,
नंदा


पुणे
१९ जुलै

नंदे,

काय पत्र पाठवलंस. मी ते वर्गात वाचून दाखवलं. वाढायला लावायचा इंटरव्ह्यू मुलांना एवढा आवडला की आता कॅन्टीनमध्ये कुणी आधी ताट उचललं की बाकीचे त्याला घरी पाठवतात. धाकलूआज्याला माझा सलाम सांग. त्याचे उपकार मानावे तेवढे थोडे.

मी व्याख्यानाचे मुद्दे काढायला बसलेसुद्धा. एक, माणसांची निवड. दोन, आपसातला विश्वास. तीन, सावलीचा वाटा म्हणजे खबऱ्यांचं जाळं सांभाळण्यावरचा खर्च. आजच्या कंपन्या याला गुडविल म्हणतात. दारात एक टोपली ठेवली की ते घर कायमचं बांधलं गेलं. काय डोकं असेल त्या माणसाचं.

आता ओट्याचं. रस्ता रुंद होणार होणार असं आपण शाळेपासून ऐकतोय, शेवटी झालं वाटतं. तू का विचारू नकोस म्हणालीस म्हणून विचारत नाही. पण कमळ्याकडे बघ. त्याने कधी किल्ला धरला? जागा धरून बसला तो सापडला. ओटा जात असेल तर जाऊ दे, तुम्ही पांगा. वनिता बोलकी आहे, तिला दोघीतिघींबरोबर शनिवार-रविवारी पळसदरीच्या धरणाकडे पाठव, तिथे मुंबईचे लोक फिरायला येतात. काहींनी कर्जत स्टेशनच्या बाहेर बसावं. तू खडकावर चढून फार्महाऊसवाल्यांच्या ऑर्डरी फोनवर घे. आणि शहरातल्या बायकांना रानभाजी करायची कशी ते ठाऊक नसतं, म्हणून भाजीबरोबर ती कशी करायची त्याची चिठ्ठी द्या. चिठ्ठी तू लिही, तुझं अक्षर चांगलं आहे.

हे एवढं मात्र मला येतं, नंदे. तुझ्या कामी आलं तर मला फार बरं वाटेल. शाळेत गणिताच्या तासाला तू मला वही दाखवली नसतीस तर मी आज इथे कुठली असते.

तुझी,
फराह


वाडी
२५ ऑगस्ट

मुकादमसाहेब,

तुझ्या सांगण्यावरून टोळी पांगली. आधी चांगलं सांगते, कारण ते पुष्कळ आहे.

पळसदरीला वनितानं कमाल केली. करटोली बघून शहरातली माणसं घाबरत होती, तर ही म्हणे, वरनं काटे दिसतात पण स्वभावाला गरीब आहे, घरी नेऊन बघा. लोक हसत आणि घेऊन जात. चिठ्ठ्यांचा तर फारच उपयोग झाला. एक बाई पुढच्या रविवारी परत आल्या आणि चिठ्ठीबरहुकूम केलेली भारंगीची भाजी डब्यातून घेऊन आल्या, बरोबर झाली का चाखून सांगा म्हणून. दोन फार्महाऊसवाले दर आठवड्याला टोपली नेतात. हे सगळं तुझ्यामुळे झालं. वाडीतल्या बायका तुझं नाव काढतात आणि तुझ्या पोरांना परीक्षेत मार्क पडोत म्हणतात. मनापासून आभार.

आता दुसरं. भागूबाई आणि ठमी कर्जतला बसत होत्या. गेल्या आठवड्यात ठमीचा माल लवकर संपला आणि तिचं पोर आजारी, म्हणून ती मिळेल त्या टेंपोत बसून परत आली. भागूबाई एकटी राहिली. तिचा आवाज गर्दीत कुणाला ऐकू जाणार? ती भरली टोपली डोक्यावर घेऊन वाडीत आली. मी विचारलं, थांबली का नाहीस. ती म्हणाली, "थांबले व्हते गं, पर संग थांबाया कोन नवतं."

यात ठमीचा काही दोष नाही. पण फराह, विकायला कुठलीही जागा चालते, वाट बघायला जागा लागते. ओट्यावर ऊन लागत नाही, दुकानातून पाणी मिळतं, अम्मा मधून चहा पाठवते, म्हणून आम्ही सगळ्या एकीसाठी थांबू शकत होतो. धरणाकडे पाच वाजले की राखणदार उठवतो. आता जिची तिची टोपली आणि जिचा तिचा टेंपो. भागूबाईनं परवापासून येणंच सोडलंय. गुडघा दुखतो म्हणते. डोंगर चढताना मात्र दुखत नाही.

तुझं शास्त्र चुकलं असं मी म्हणत नाही. ज्यांना पाय आणि तोंड आहे त्यांचं भलं झालं. पण भागूबाईचं कसं करायचं ते त्यात असेल तर बघ.

तुझी,
नंदा


पुणे
१५ सप्टेंबर

नंदा,

काल अम्माशी बोलताना कळलं. रस्ता वगैरे काही नाही. माझ्याच भावानं तुम्हाला उठवलं, आणि मी मात्र इथे बसून तुम्हाला पांगा म्हणून शिकवत होते. तू मला सांगितलं का नाहीस?

मी लगेच अकरमला फोन केला. चांगलीच जुंपली. त्याचं म्हणणं असं की कर्जतला मोठी दुकानं झाली, कडावातून गिऱ्हाईक तिकडे जातं, मीठ आणि सुकट विकून घर चालत नाही. फार्महाऊसचे प्लॉट विकणारा एक एजंट ओट्यासकट पुढची बाजू भाड्याने मागतोय. त्याच्यासाठी ओट्यावर गुळगुळीत फरशी बसवली आणि दिवाळीनंतर तो ऑफिस थाटणार. दारात टोपल्या नकोत अशी त्याची अट आहे. अकरम म्हणाला, तूच तर पोरांना शिकवतेस की तोट्यातली जागा धरून बसू नये. तो वाईट नाही गं. दुकानात दिवसभर तोच बसतो, मी नाही. अम्माही म्हणते की अब्बांनंतर त्याने ओढलंय, त्याच्यावर जबरदस्ती कशी करू.

त्यामुळे माझ्या हातात काही नाही. नुसतं वाईट वाटून घेण्याचा तुम्हाला काय उपयोग, तेही कळतं. तू माझ्यावर रागावली असशील तर तसं लिही, पण लिही.

फराह


वाडी
१० नोव्हेंबर

फराह,

तुझं पत्र येऊन किती दिवस झाले. कापणी, झोडणी चालू होती, पण खरं कारण ते नाही. काय लिहावं तेच समजत नव्हतं. तुझ्यावर राग नव्हता, आजही नाही. मी सांगितलं असतं तर तू भावाशी भांडली असतीस, आणि आमच्यापायी तुमच्या घरात वाकडं येणं वाडीला चाललं नसतं. त्याचं कारण आज सांगते. नेम मोडतेय, पण एवढं झाल्यावर तुला कळायला हवं.

सावलीचा वाटा जातो ते घर तुमचं.

दर वर्षी भात झोडलं की भागूबाई तुमच्या दारात नव्या तांदळाची टोपली ठेवते ना, तीच ती. आमच्यात सांगतात ते असं. कमळ्याला एकदा भर दुपारी कडावच्या बाजारात पोलिसांनी घेरलं. सगळ्यांनी दारं लावून घेतली. तुमची खापरपणजी हवाबी, तिने एकटीने दार उघडलं आणि त्याला मिठाच्या गोणींमागे दडवला. वर स्वतः तान्ह्या पोराला घेऊन गोणीवर बसली. पोलीस उंबऱ्यापर्यंत आले, तेव्हा पदर ओढून म्हणाली, मी पोराला पाजतेय, आत पाऊल टाकू नका. ती उठली असती तर कमळ्या फासावर गेला असता. आमची निम्मी वाडी कमळ्याच्या वंशातली. म्हणजे आम्ही आहोत ते तिच्यामुळे. हे तू खबऱ्यांवरचा खर्च म्हणून लिहिलंस तेव्हा मला हसू आलं होतं आणि थोडं लागलंही होतं.

या वर्षी टोपलीचं बोलणं निघालं तेव्हा मी सगळ्यांच्या समोर म्हटलं, यंदा नको. ज्या घरानं आपल्याला उठवलं त्याच्या दारात आपण कशाला जायचं? मला वाटलं सगळ्या माझ्या बाजूने बोलतील. तर भागूबाई, जिचं सगळ्यांत जास्त नुकसान झालं ती, टोपली सारवायला घेऊन बसली. म्हणाली, "ओटा अकरमचा हाय. सावली हवाबीची व्हती. त्याच्या करनीचा दंड तिला कशापाय?"

मग प्रत्येक घरातून ओंजळभर तांदूळ आले, वर रानातले करांदे कंद ठेवले, आणि भागूबाई ते घेऊन स्वतः चालत गेली. अम्मानं नेहमीसारखं टोपलीत मीठ आणि सुकट घालून दिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणे. अकरमभाई दुकानात होता, त्याने मान वर केली नाही. भागूबाई त्याच्या नव्या फरशीवर न चढता खालूनच वळली.

एवढंच. तुझं व्याख्यान जवळ आलं असेल. चांगलं कर.

नंदा


पुणे
२६ नोव्हेंबर

नंदे,

तुझं पत्र हातात पडलं त्याच शनिवारी मी कडावला गेले. दुपारी जेवणं झाल्यावर अम्माला ते मोठ्याने वाचून दाखवलं. अकरम दारात खुर्ची टाकून बसला होता. मी मुद्दामच त्याला ऐकू जाईल असं वाचलं.

हवाबीच्या जागी आले तशी अम्मा मला थांबवून म्हणाली, "अगं, उलटं सांगतेय ती. देनं त्यांचं नाय, आपलं हाय."

आता ऐक आमच्याकडे काय सांगतात. मी हे लहानपणापासून ऐकलंय, पण ते कमळ्याचं आहे हे मला कधी कुणी सांगितलंच नाही. हवाबीचा नवरा मिठाच्या गाड्या आणायला पनवेल बंदरावर गेला तो तापाने तिकडेच वारला. पदरात लहान लेकरं. त्या साली भात पिकलं नव्हतं आणि बाजारात कुणी तिला उधार धान्य देईना. घरात मीठच तेवढं होतं. एके दिवशी दारात तांदळाची टोपली दिसली. कुणी ठेवली माहीत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा आली, तेव्हा ती वाडीतून येते एवढं कळलं. मुलगा दुकानात बसण्याएवढा होईपर्यंत ते घर त्या टोपलीवर निघालं. तिने मरताना सुनेला सांगितलं की वाडीची टोपली रिकामी धाडू नको, आपल्याकडे दुसरं नसलं तर मीठ घाल. ते सासूकडून सुनेकडे येत अम्मापर्यंत आलं. अम्मा म्हणाली, लग्न होऊन आले तेव्हा सासूने मला स्वयंपाकघराच्या आधी हे दाखवलं.

मी विचारलं, आणि मिठाच्या गोणींमागचा माणूस? अम्मा म्हणाली, हो, कुणी तहानलेला पाव्हणा एकदा दुपारभर टेकला होता असं म्हणतात, त्यात काय एवढं. तुमच्याकडे टोपलीचं तसंच झालं असेल. ओंजळभर तांदूळ, त्यात काय एवढं. इतकी वर्षं तुम्ही समजताय की तुम्ही फेडताय, आणि आम्ही समजतोय की आम्ही फेडतोय. भागूबाई तांदूळ ठेवून कृतज्ञ होऊन जाते आणि अम्मा मीठ घालून. कुणाच्याच तोंडून कधी शब्द निघाला नाही, कारण दोन्हीकडे तोच नेम.

मी रडले, नंदे. अम्मा आधी हसली, मग रडली.

अकरम एवढंच म्हणाला, "मी ज्यांना उठवलं त्यांच्या तांदळावर आपन जगलो व्हय?" चहा तसाच ठेवून तो बाहेर गेला. मी रविवारी निघाले तोवर त्याने ओट्याचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. तो काय करणार ते मला ठाऊक नाही आणि मी त्याला विचारणारही नाही. ते त्याचं त्याला सुचू दे.

व्याख्यान झालं. खबऱ्यांवरच्या खर्चाचा मुद्दा काढून टाकला आणि त्या जागी ही दोन घरं सांगितली. एका कारखानदारांनी विचारलं, यात शेवटी फायदा कुणाचा झाला? मी म्हटलं, साहेब, दोघांनाही वाटतं की आपला झाला, म्हणून तर हे एवढी वर्षं टिकलंय. निघताना ते मला शोधत आले आणि शेवळं कुठे मिळतात विचारून गेले. विभागप्रमुख खूश आहेत.

तुमचे आभार कुठून मानायला सुरुवात करू तेच कळत नाही. भागूबाईच्या पायांवर माझं डोकं ठेवून सांग की फराहनं ठेवलंय.

तुझी,
फराह


वाडी
७ डिसेंबर

कमळ्या फराह यांस,

खेळात तुला एकदाही कमळ्या केलं नाही, म्हणून आज करते. तू जाऊन ते पत्र वाचलं नसतंस तर आम्ही आणखी दोन पिढ्या एकमेकांना तांदूळ आणि मीठ देत बसलो असतो आणि ओटा मधल्या मधे गेला असता. भागूबाईला तुझा निरोप सांगितला. ती म्हणाली, डोकं कशाला ठेवते, त्यात विद्या आहे, वरच राहू दे.

आता तुझ्या भावाचं सांगते. गेल्या सोमवारी अकरमभाई मोटारसायकल घेऊन वाडीत आला. आमच्या रस्त्याला गाडी चढत नाही, म्हणून निम्मा रस्ता ढकलत आला असावा, घामाने भिजला होता. भागूबाईच्या अंगणात उभा राहिला. पाणी दिलं, ते प्यायला. मग परत उभा. आम्ही सगळ्या आपापल्या दारातून बघत होतो आणि मला, खोटं कशाला बोलू, थोडी मजाही वाटत होती.

शेवटी खाली बघत म्हणाला, "बाजारच्या दिशी या तुमी."

भागूबाईनं त्याला एवढंही अवघडू दिलं नाही. शांतपणे म्हणाली, "येनारच व्हतो रं. तुजी फरशी सुकायची वाट बघत व्हतो."

तो हसला की रडला ते मला लांबून नीट दिसलं नाही. जाताना करांद्यांची पिशवी मात्र त्याला घ्यावी लागली. रिकाम्या हाताने कसा सोडणार?

एजंटाला त्याने मागची खोली दिली, ओटा दिला नाही. भाडं कमी मिळणार, पण त्याने ते मान्य केलं. एजंट थोडे दिवस फुगून होता. पण कालच्या बाजारात प्लॉट बघायला आलेली माणसं आधी आमच्यापाशी थांबली, त्यांनी चिठ्ठ्या वाचल्या, वाल आणि करांदे घेतले आणि मग त्याचं ऑफिस विचारलं. आता तोच आम्हाला चिठ्ठ्या छापून आणून देतो म्हणतो. तुझ्या शास्त्राला काय म्हणायचं ते म्हण, पण पळसदरी आम्ही सोडलेली नाही. वनिता शनिवार-रविवार तिथे जाते आणि बाजारच्या दिवशी सगळ्या ओट्यावर. हे दोन्ही तुझंच.

काल बाजार होता. नवी फरशी गुळगुळीत आहे, टोपल्या घसरतात, म्हणून अकरमभाईनं खाली गोणपाटं अंथरली होती. मिठाचीच होती, अजून पांढरी दिसत होती. अम्मा सकाळी ओट्यावर येऊन आमच्यात बसली आणि तिने आमच्यापेक्षा जास्त ओरडून भाजी विकली. कितीतरी दिवसांनी भागूबाई सगळ्यांच्या मधे बसली होती. मला एवढं बरं वाटलं की मी दोनदा गिऱ्हाइकाला चुकीची भाजी दिली.

संध्याकाळी एकेकीची टोपली उलटी होत गेली. ठमीची झाली, वनिताची झाली, माझी झाली. भागूबाईचे थोडे करांदे राहिले होते. आम्ही आपापल्या टोपलीवर बसून ओरडत होतो. अकरमभाईनं दुकान आवरलं, दिवे मालवले आणि शटर ओढायला हात वर केला. तेवढ्यात त्याला भागूबाईची टोपली दिसली. ती अजून सुलटी होती.

त्याने हात खाली घेतला. आतून एक रिकामी गोणी आणली, घडी करून आमच्या रांगेच्या शेवटी टाकली आणि तिच्यावर बसला. रस्त्याने कोण जातंय ते बघत, आमच्यासारखाच गिऱ्हाइकाची वाट बघत. स्वतः ते करांदे विकत घ्यायचं त्याच्या मनात आलं असेल, पण त्याने तसं केलं नाही, आणि मला त्याचंच जास्त बरं वाटलं.

बऱ्याच वेळाने एक मास्तर आले आणि करांदे घेऊन गेले. भागूबाईनं टोपली उलटी केली. आम्ही सगळ्या उठलो. अकरमभाई मात्र भागूबाई नीट उभी राहून पायरी उतरेपर्यंत बसून होता. सगळ्यांच्या शेवटी तो उठला.

तुझी,
नंदा